ओढ्याअलीकडचा कळप

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

शहरात गेलेली माणसं मामाला विसरतात असं मी ऐकून होतो. आता अनुभव घेतोय. तू लिहीत नाहीस, म्हणून मीच कागद घेऊन बसलो. फोनची तार वादळात तुटली ती अजून तशीच लोंबकळते आहे. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो आणि येत नाही. मामीचं म्हणणं, बरंच झालं. मी फोनवर इतका ओरडतो की तार नसली तरी तुला ऐकू जाईल.

मुख्य बातमी अशी की मेंढ्या व्यायला लागल्या. थंडी हटायला तयार नाही, सकाळी कुरण अजून पांढरं असतं, पण हे त्यांना कोण सांगणार? पहिला मान काळ्या तोंडाचीचा, तू जिला हेडबाई म्हणतेस तिचा. जुळं झालं. एक दांडगं, एक काडीसारखं. दांडगं उठलं आणि सरळ आचळाला लागलं. काडी मात्र पडल्या पडल्या माझ्याकडे असं बघत होती, की जणू मीच तिला आमंत्रण देऊन बोलावलंय आणि आता खुर्चीसुद्धा देत नाहीये. उचललं, स्वयंपाकघरात आणलं, शेगडीजवळ खोक्यात ठेवलं आणि बाटलीने चीक पाजला.

मामी म्हणाली, "यंदा माझ्या स्वयंपाकघरात एकही कोकरू येणार नाही असं ठरलं होतं ना?"

म्हटलं, "ठरलं होतं."

आता खोक्यात तिघं आहेत आणि मामी त्यांच्याशी माझ्यापेक्षा गोड बोलते.

परवा एकीचं मेलेलं निघालं. ती त्याला चाटत बसली, उठेचना. त्याच दिवशी दुसऱ्या एकीला तीन झाली होती. मग मेलेल्याचं कातडं काढून त्या तिघांतल्या एकाला अंगरख्यासारखं घातलं आणि तिच्यापुढे सोडलं. तुला हे आवडत नाही, ठाऊक आहे. तुझी आई गेल्यावर तुला इथे आणलं, त्या पहिल्या वर्षी तू हे बघितलंस आणि दिवसभर जेवली नाहीस. पण सांगतो, तिने वास घेतला, मागे सरली, परत वास घेतला आणि पाजायला उभी राहिली. फसवणूक आहे खरी, पण एकाचं पोट भरलं आणि दुसरीचं दूध उतरलं.

माझा गुडघा कुरकुरतो. हे सगळं मी कोणासाठी करतोय, असं मी मामीला अधूनमधून विचारतो. ती म्हणते, "माझ्यासाठी तर नक्कीच नाही."

दरवर्षीसारखी मार्चच्या मध्याला ये. बाटल्या धुवायला माणूस हवंय. पगार नाही, शिव्या भरपूर.

तुझा मामा


१ मार्च

मामा,

विसरले वगैरे काही नाही. कामावरून आले की हात इतके सुजलेले असतात की पेन धरवत नाही. आमच्या हॉटेलात सध्या माणसांचा पूर आलाय आणि तळघरातल्या लाँड्रीत चादरींचा. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला एक बाई; चादर ताणायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं जुळवायची, परत मागे जायचं. दिवसभर हाच नाच. त्या बाईचा चेहरा मला आता तुझ्यापेक्षा पाठ झालाय, आणि तिचं नाव मला माहीत नाही, कारण यंत्रांच्या आवाजात काही ऐकूच येत नाही. वर आमच्या शिट्टीबाई. खरोखरची शिट्टी गळ्यात घालून फिरतात.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मागच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. काडी जगली का ते आधी सांग. दोन-दोन तासांनी पाजताय ना? दूध फार गरम करू नका, मामीला सांग मनगटावर थेंब टाकून बघायला. (ती म्हणेल, मला शिकवतेय बघा.) आणि कातड्याचं म्हणशील तर आता मला त्याचं काही वाटत नाही. यंदा मला दाखव. मला ते स्वतःच्या हाताने करायचंय.

चौदा तारखेच्या बसने येते. यंदा मोठी बॅग घेऊन येणार आहे. का, ते विचारू नकोस. आल्यावर सांगेन. तुझा चेहरा बघत सांगायचंय.

माझ्या खोलीची खिडकी उघडून ठेवा, गेल्या वर्षी उंदरांचा वास येत होता.

भिंगरी


७ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. काडी जगली. माजलीसुद्धा. मामीच्या चपलेचा पट्टा चघळते.

एक सांगायचं होतं. यंदा तू एवढ्यात येऊ नकोस. तसं काही विशेष नाही. तुझ्या खोलीचं छप्पर गळतंय, पलंग भिजलाय. मामीची पाठ धरली आहे. शिवाय रस्त्याचं काम काढलंय, बस फाट्यापर्यंतसुद्धा येईल की नाही सांगता येत नाही. पाहुण्याची सरबराई करायला आम्हाला वेळ नाही. उन्हाळ्यात ये की. उन्हाळ्यात इथे जास्त छान असतं.

मोठ्या बॅगेचं काय ते पत्रातच लिही.

कोकरं मजेत आहेत. दुपारी ऊन पडलं की सगळी एका ओळीत बांधाच्या कडेने धावत सुटतात, टोकाला जाऊन थांबतात आणि परत तशीच धावत येतात. कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही. मी काम सोडून बघत बसतो.

मामा


११ मार्च

मामा,

पाहुणी? मी पाहुणी?

मामीची पाठ धरली असेल तर मी यायलाच हवं ना? छप्पर गळत असेल तर मी स्वयंपाकघरात खोक्याशेजारी झोपेन, पूर्वी झोपायचेच. आणि उन्हाळ्यात मी येऊन काय करू? तेव्हा कोकरं मोठी झालेली असतात, कोणी ओळख देत नाही. तुला खोटं बोलता येत नाही रे मामा. पत्रातसुद्धा येत नाही.

तुझा चेहरा बघायचं राहू दे आता, इथेच सांगते. मी नोकरी सोडली. पाच तारखेला शिट्टीबाईंच्या हातात राजीनामा दिला. खोलीही सोडणार, महिनाअखेरपर्यंतच आहे. मी कायमची घरी येणार होते. गेली दोन वर्षं हेच डोक्यात आहे. तुझा गुडघा गेलाय, तू म्हणतोस सगळं कोणासाठी करतोय. मला दर वेळी म्हणावंसं वाटायचं, माझ्यासाठी कर, मी येते. पण आधी माझ्याच मनाची खात्री करून घ्यायची होती. मेंढ्या मला कळतात. मला मेंढी उताणी पाडून खूर कापता येतात, अडलेलं कोकरू हात घालून वळवता येतं, तूच शिकवलंस. आणि आता जेव्हा मी निघाले तेव्हा तू म्हणतोस उन्हाळ्यात ये!

तुझ्या मनात काय आहे ते मला कळलंय. मोठ्या बॅगेवरून तू ओळखलंस, आणि तुला ते नकोय. भाची म्हणजे बाटल्या धुवायला. कळप सांभाळायला पुरुष हवा. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याचा मुलगा चालेल तुला, मी नाही. तसं असेल तर तसं लिही. छपराच्या नावाने लपू नकोस.

भिंगरी


१५ मार्च, दुपार

बाळा,

तुझं पत्र मामाने वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि गोठ्यात गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेले. गवताच्या गठ्ठ्यावर बसला होता. मी विचारलं काय झालं, तर पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ती घरी येतेय." एवढंच. रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

त्याला लिहवणार नाही म्हणून मी लिहिते. तू बसून वाच.

ओढ्यापलीकडच्याच्या मेंढ्यांना लाळ्या-खुरकूत झालंय. एक लंगडत होती, काटा लागला असेल म्हणून त्याने पाय बघितला, मग तोंड उघडून बघितलं तर आत फोड. त्याने स्वतःच जाऊन कळवलं. डॉक्टर आले, नमुने नेले. परवा त्याचा सगळा कळप मारला. सगळा म्हणजे सगळा, पोटातल्यांसकट. आम्ही खिडक्या लावून बसलो होतो तरी ऐकू येत होतं.

आपल्या एकाही जनावराला काही नाही. मामा रोज एकेकीचं तोंड उघडून बघतो. पण नियम असा आहे की लागण झालेल्या गोठ्याला लागून जे कळप आहेत तेही ठेवायचे नाहीत. मध्ये फक्त ओढा आहे. उद्या सकाळी येणार आहेत.

मामाने डॉक्टरांना विचारलं, "तपासून तर बघा. निरोगी असतील तर?" डॉक्टर तरुण आहेत, बरेच दिवस झोपलेले दिसत नाहीत. म्हणाले, "तपासणीचा निकाल यायला फार दिवस लागतात, तोवर थांबायची परवानगी नाही." मामाने मान डोलावली. मला राग आला तो त्या मान डोलावण्याचा. कुठे तरी भांड की रे माणसा.

तू येऊ नकोस असं त्याने लिहिलं ते यासाठी. त्याला वाटलं होतं कदाचित टळेल, मग तुला कळायची गरजच पडणार नाही. तू म्हणतेस तसं त्याच्या मनात कधीही नव्हतं. तुझ्या खोलीत गेल्या वर्षी त्याने नवी खिडकी बसवली. मला म्हणाला, गार वारा येतो. तिथे झोपतं कोण, तर तू, वर्षातून पंधरा दिवस.

आज सकाळीही त्याने बाटल्या धुतल्या, दूध कोमट केलं, सगळ्यांना पाजलं. मी म्हटलं, "आज कशाला?" तर त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पुढची बाटली भरली. भूक तर त्यांना आजही लागलीच होती.

आता जे लिहिते ते त्याला सांगू नकोस. काडीची मोजणी झालेली नाही. डॉक्टर डोकी मोजायला आले तेव्हा ती शेगडीमागे झोपली होती. मी बोलले नाही. तिला तुझ्या खोलीत, कपाटाच्या मागे ठेवणार आहे. सगळं तर ते नेणारच आहेत. एक राहिली तर कोणाचं काय बिघडतं?

पोस्टमन फाटकापर्यंतच येतो आता. त्याच्याकडे देते.

मामी


१८ मार्च

मामी,

तुझं पत्र सतरा तारखेला सकाळी मिळालं. दुपारच्या बसने मी निघाले. फाट्याच्या अलीकडेच बस थांबवली. रस्त्यावर औषधात भिजवलेला पेंढा पसरलाय, त्याचा वास डोळ्यांत जातो. एक पहारेकरी होता. मी म्हटलं, मला त्या घरी जायचंय.

"घरचे आहात?"

"भाची आहे."

"मग तर मुळीच नाही," तो म्हणाला. "घरचे आत गेले की बाहेर यायचं ऐकत नाहीत. माझ्यावर येतं."

मी त्याच्याशी भांडले. मग हात जोडले. मग परत भांडले. तो वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, तिथे आता बघण्यासारखं काही नाही." तेव्हा मला टेकडीमागे धूर दिसला. ढगासारखा नव्हता. जड होता, वर जातच नव्हता. बस परत फिरली तेव्हा मी मागच्या सीटवर उलटी बसून बघत होते.

मामाला मी काय काय लिहिलं! मला ते पत्र परत हवंय. त्याला सांग, ते जाळून टाक. नको, मीच सांगेन.

काडीला जपून ठेव. कोणी विचारलं तर नाही म्हण. ओरडू नये म्हणून पोट भरलेलं ठेव, आणि एकटं राहून ती ओरडेल, तर तुझा जुना स्वेटर तिच्याजवळ टाक. तू बरोबर केलंस, मामी. शंभर वेळा बरोबर. काडी आहे म्हणजे काही तरी आहे. मोठी होईल, तिला पिल्लं होतील, मी येईन, आपण तिच्यापासून परत सुरू करू. मला एवढंच धरून ठेवू दे.

भिंगरी


२३ मार्च

भिंगरे,

तुझं मामीला आलेलं पत्र फाटकातून मीच आणलं. उघडलं नाही. मामीने वाचलं आणि टेबलावर माझ्या ताटाशेजारी उघडं ठेवलं, मी वाचावं म्हणून. ती माझ्याशी बोलत नाही. तेव्हा तुला जे सांगायचं ते मीच सांगतो, सरळ सांगतो, कारण खोटं बोलता येत नाही हे तू सांगितलंच आहेस.

सोळा तारखेला सकाळी ते आले. पांढरे कपडे, रबरी बूट. मी त्यांना म्हटलं, तुम्ही पकडायला जाल तर त्या पळतील, चेंगरतील, मी आणतो. मी हाक मारली. माझ्या हाकेवर सगळ्या आल्या, हेडबाई पुढे. त्यांना वाटलं खुराक आहे. एकेकीला मीच धरून दिली. आधी मोठ्या, मग कोकरं. कोकरांना त्या माणसांच्या हाताची बोटं चोखायची होती. त्यांतला एक जण बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. याहून जास्त मी सांगणार नाही.

दुपारपर्यंत झालं. गाड्या भरून टेकडीमागे जाळायला नेलं. मी गोठ्यात उभा होतो. इतक्या वर्षांत या गोठ्यात मी शांतता ऐकली नव्हती. कोणी ना कोणी खाकरत असतं, खूर आपटत असतं. माझे कान दुखायला लागले. आणि मग घराच्या वरच्या मजल्यावरून कोकराचा आवाज आला.

वर गेलो. मामी दाराशी उभी होती. म्हणाली, "पाय धरते तुमचे." लग्नाला इतकी वर्षं झाली, ती असं कधी बोलली नाही.

मी तिला म्हटलं, "ओढ्याच्या खालच्या अंगाला राहतात त्या बाईंचा कळप आहे. त्या एकट्या आहेत. तो अजून वाचलाय. या एकीच्या अंगात ते असेल तर?"

"नाहीये. बघा ना तिच्याकडे. नाहीये."

"मला माहीत नाही. तुलाही नाही."

मी तिला बाजूला केलं. भिंगरे, मी मामीला हाताने बाजूला केलं. कपाटामागून काडीला उचललं. ती माझ्या ओळखीची, तिने लगेच अंगठा तोंडात घेतला.

डॉक्टर फाटकाशी होते, गाडीची चाकं धूत होते. मी काडीला घेऊन चालत गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि परत चाकाकडे बघायला लागले.

"मोजणी पूर्ण झालीय," ते म्हणाले.

"ही राहिली होती."

"मला काही दिसत नाही. तुम्ही घरी जा."

"डॉक्टर, खाली बाईंचा कळप आहे."

ते चाक धुतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मामा, जा ना घरी. मी तुम्हाला जायला सांगतोय." त्यांनीही मला मामाच म्हटलं. इथे सगळे म्हणतात म्हणून म्हटलं असेल.

मी गेलो नाही. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली नाही, मीच त्यांच्या हातात ठेवली. अंगठा ओढून काढावा लागला.

घरी आलो तर मामी बाटल्या फोडत होती. एकेक घ्यायची, दगडी ओट्यावर आपटायची. मी थांबवलं नाही. नंतर काचा मी गोळा केल्या.

तू घरी येणार होतीस हे मला आधी कळलं असतं, तर मी दुसरं काही केलं असतं का, याचा मी विचार करतो. नसतं केलं. हेच मला फार लागतंय.

मामा


३० मार्च

मामा,

तुझं पत्र आल्यापासून तीन वेळा लिहायला बसले आणि फाडलं.

पहिल्यात मी तुला बरंच काही बोलले होते. दुसऱ्यात तू केलंस तेच योग्य, असं शहाण्यासारखं लिहिलं होतं. दोन्ही खरं नव्हतं. तू चुकलास असं मला म्हणता येत नाही, आणि तुला माफ करावं असंही वाटत नाही. हे दोन्ही एकत्र घेऊन मी फिरतेय.

ते मुलगी-पुरुषाचं जे लिहिलं ते मात्र फाडून टाक. त्याची मला लाज वाटते.

लाँड्रीत मी परत गेले. शिट्टीबाई म्हणाल्या, तुझ्या जागेवर मुलगी घेतली, भिजलेले कपडे काढायचं काम आहे, हवं तर कर. करतेय. खोली तीच मिळाली. मोठी बॅग पलंगाखाली आहे, भरलेलीच आहे. उघडावीशी वाटत नाही.

मामीशी तूच बोल. ती नाही बोलली तरी बोल. समोरासमोर नसेल जमत तर ती पाठमोरी भांडी घासत असताना बोल.

भिंगरी


१४ एप्रिल

बाळा,

रस्ता परवा उघडला. फोनची तारही जोडून गेले, पण हे मला फोनवर बोलायचं नाही.

तपासणीचा निकाल आला. आपल्या कळपातून नेलेले सगळे नमुने स्वच्छ. एकाही मेंढीत काही नव्हतं, एकाही कोकरात नव्हतं. काडीत नव्हतं. डॉक्टर स्वतः सांगायला आले होते. कागद पुढे केला आणि उभे राहिले. मामाने त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा विचारला. मी उठून आत गेले.

आणि खालच्या बाईंचा कळपही गेला. गेल्याच आठवड्यात. त्यांच्याकडे भलतीकडून, दुसऱ्याच कुठल्या गोठ्यातून आलं होतं. मामाने ज्यांच्यासाठी माझ्या हातातलं काढून नेलं, त्यांचंही काही राहिलं नाही.

मी त्याला म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले ते हे बोलले. "ती निरोगी होती. मी सांगितलं होतं." तो म्हणाला, "हो." मी थांबले, की आणखी काही तरी म्हणेल. चुकलो म्हणेल, किंवा नाही चुकलो म्हणून माझ्यावर ओरडेल. काहीही चाललं असतं. तो उठला आणि रिकाम्या गोठ्यात पेंढा बदलायला गेला. रोज बदलतो. कोणाखालचा बदलतो, कोण जाणे.

मला या घरात राहवत नाही. मी शनिवारच्या बसने तुझ्याकडे येते. तुझी खोली लहान आहे हे माहीत आहे. मी कोपऱ्यात पडेन. लाँड्रीत म्हाताऱ्या बाईला काही काम असेल तर विचारून ठेव. चादरीच्या घड्या मलाही घालता येतात.

किती दिवसांसाठी, ते विचारू नकोस.

मामी


११ मे

भिंगरे,

तू फोन केलास तेव्हा मी मुद्दाम उचलला नाही. बोलायला लागलो की माझा आवाज कसा येतो ते मला आता आवडत नाही. लिहितो.

तुला चादरींवर परत घेतलं आणि मामी तुझ्याबरोबर चादर धरते, असं लिहिलंस. बरं आहे. तिला उजव्या खांद्याचा त्रास आहे, ती सांगणार नाही. तिला डावीकडचं टोक दे. तिचे हिवाळ्याचे कपडे मी बांधून पाठवतोय, निळा कोटही त्यातच आहे. ती ये म्हणाली नाही, आणि मी ये म्हणत नाही. तिला इथे बोलावून दाखवू काय?

सरकारचा माणूस येऊन गेला. म्हणाला, भरपाई मिळेल, शरद ऋतूत नवा कळप आणा. मी त्याला म्हटलं, आपल्या कुरणाला वरच्या अंगाला कुंपण नाही, बघितलंत का? कधीच नव्हतं. आपल्या मेंढ्या वरच्या खडकापर्यंत जायच्या आणि आपणहून वळायच्या, कारण त्यांच्या आया तिथून वळायच्या, आणि त्यांच्याही आया. प्रत्येक कोकरू ते आईच्या मागून चालत शिकायचं. ते मी कुठून विकत आणू? नवी मेंढरं आणली तर ती डोंगरभर पांगतील. मी त्यांच्या मागे धावणार, या गुडघ्याने? तो माणूस म्हणाला, कुंपण घाला. बरोबर आहे त्याचं.

तू लिहिलं आहेस की मी ये म्हटलं तर येशील, आपण दोघं मिळून करू. नको, पोरी. तुझी बॅग उघड. कपडे बाहेर काढ, खिळ्याला लाव. मी म्हणेन हो, तू येशील, आणि मग दर वसंतात आपण दोघं एकमेकांकडे न बघता काम करू. तुला माफ करता येत नाहीये ते मला कळतं. ते तू खरं लिहिलंस, म्हणून मला झेपलं.

इथे आता ऊन पडायला लागलंय. आणि एक विचित्र गोष्ट झालीय. कुरणात फुलं आलीत. आधी वाटलं कुठे कुठे असतील. आता वरपासून ओढ्यापर्यंत सगळं पिवळं झालंय, मध्ये मध्ये जांभळी, आणि ओढ्याकाठी पांढरी, उंच देठाची. मी जन्मलो या घरात. ही फुलं मी कधी बघितलेली नाहीत. नावंही माहीत नाहीत. दर वर्षी मातीतून तोंड वर काढायच्या आतच ती खाल्ली जात असणार.

काल ओढ्यापलीकडचा त्याच्या काठावर येऊन उभा राहिला. त्याच्याकडेही तसंच आहे. आम्ही दोघं आपापल्या बाजूला उभे राहून बघत होतो.

"हे काय उगवलंय?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत."

"छान दिसतंय," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

मोटारीतून जाणारी माणसं थांबतात, उतरून फोटो काढतात. आज एक बाई फाटकाशी येऊन म्हणाली, तुम्ही किती नशीबवान आहात, रोज हे बघायला मिळतं. मी मान डोलावली.

उद्या पहाटेपासून सगळं कापून काढणार आहे. गवत कापायच्या यंत्राला धार लावून ठेवली आहे.

मामा